दादांचा हात

"कालच तर डोकं दुखलं होतं माझं. रोज रोज कुठून आणू नवीन दुखणं?"

हे वहिनी मला सांगत नव्हत्या, हातातल्या पातेल्याला सांगत होत्या. मी शेजारीच उभी राहून धुतलेली भांडी पुसत होते, त्यामुळे शब्द न् शब्द ऐकू आला. ऐकू आलं नाही असं मी दाखवलं. आमच्या घरात एवढी एक कला सगळ्यांना येते.

वहिनी म्हणजे माझ्या मोठ्या जाऊबाई. त्यांचं डोकं दुखायचं ते दिवस बघून. दादा, म्हणजे त्यांचे यजमान, सकाळपासून कुणाशी धड बोललेले नसले, एखाद्या गिऱ्हाइकावर उगाच खेकसलेले असले, की जेवणाच्या आधी वहिनींच्या कपाळात कळ यायची. मग त्या आतल्या खोलीच्या दारात जाऊन उभ्या राहायच्या. दादा म्हणायचे, "ये, बस." थोड्या वेळाने वहिनी बाहेर यायच्या आणि त्यांच्या मागोमाग दादा, शीळ घालत. त्या दिवशी ते भाजी दोनदा मागून घ्यायचे.

आमचं फोटो फ्रेम करून देण्याचं दुकान आहे. पुढे दुकान, मागे काच कापायचं मोठं टेबल, त्याच्या मागे दादांची बसायची खोली आणि वर आम्ही सगळे राहतो. काच दादा कापतात, लाकडाच्या पट्ट्या आमचे हे कापतात, फोटोमागचा पुठ्ठा आणि गिऱ्हाइकांची तोंडं मी सांभाळते. काचेच्या कामात बोटं कापायचीच. रक्त पुसायचं, पट्टी बांधायची ते काम माझं. पण ठणका दादांकडे न्यायचा. ते कापलेल्या बोटावर आपला तळवा ठेवायचे, डोळे मिटायचे आणि दिवा मालवावा तसा ठणका जायचा. जखम तिथेच असायची. भरायला तिचे ती दिवस घ्यायची. फक्त दुखायचं नाही.

सिद्धी हा शब्द घरात कुणी वापरत नसे. आम्ही 'दादांचा हात' म्हणायचो, जसं एखादीचा हात शिवणावर चांगला असतो तसं.

दादा तरुणपणी एका म्हाताऱ्या साधकाकडे जायचे. त्यांनीच दादांना बसायला शिकवलं, मंत्र दिला. वहिनी नवी नवरी असताना बरोबर गेल्या होत्या, त्यामुळे ही हकिकत मला त्यांच्याकडूनच कळलेली. दादांनी त्या म्हाताऱ्यांना सांगितलं, जपाला बसलं की हात तापतो, आणि परवा एकाच्या दुखऱ्या खांद्यावर ठेवला तर त्याचं दुखणं गेलं. म्हातारे खूश होतील असं दादांना वाटलं होतं. ते म्हणाले, "चूल पेटलीय. स्वयंपाक अजून व्हायचाय. आत्ताच शेकत बसलास तर उपाशी राहशील." आणि बसणं चालू ठेव, हात कुणाला लावू नकोस, असं सांगून त्यांनी विषय संपवला.

दादांनी पुष्कळ वर्षं ते पाळलं. मी लग्न होऊन आले तेव्हाचे दादा मला आठवतात. पहाटे बसून उठले की ते अगदी साधे दिसायचे, झोपून उठलेल्या मुलासारखे. कुणी चहा उशिरा दिला तरी त्यांच्या लक्षात येत नसे. मग सासूबाईंचं शेवटचं आजारपण आलं. औषध लागू पडत नव्हतं आणि त्यांचं कण्हणं खालच्या दुकानापर्यंत ऐकू येई. एका दुपारी दादा काच तशीच टाकून वर गेले आणि त्यांनी आईच्या पाठीवर हात ठेवला. सासूबाई झोपल्या. पुढे जाईपर्यंत त्या शांत होत्या. त्या दुपारबद्दल दादांना कुणी नावं ठेवावीत असं मला कधीच वाटलं नाही, आजही वाटत नाही.

पण त्यानंतर हात थांबला नाही. आधी घरचे, मग शेजारी, मग शेजाऱ्यांचे पाहुणे. दादा अजूनही पहाटे बसायचे. मी झाडलोट करताना दार उघडं असलं तर दिसायचं. डोळे मिटलेले, पाठ ताठ, सगळं जागच्या जागी. आणि खाली दुकानाची घंटी वाजली की मान किंचित तिकडे वळायची.

मुंगी माझी मुलगी. लहानपणापासून सतत काहीतरी उचलून कुठेतरी नेत असते म्हणून मुंगी. कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला आहे. त्या दिवशी, म्हणजे वहिनी पातेल्याशी बोलत होत्या त्याच दिवशी, ती दुपारीच घरी आली आणि जिन्यावर बसली.

"काय ग?"

"पोटात दुखतंय. बेंबीपाशी. नाही, इकडे उजवीकडे. कळतच नाहीये नीट."

"काय खाल्लंस?"

"आई, प्रत्येक वेळेला मी काहीतरी खाल्लेलंच असतं का?"

तेवढं बोलून ती वाकली आणि तिच्या कपाळावर घामाचे थेंब दिसले. मुंगी कांगावा करणाऱ्यांतली नाही. मी तिला धरून उठवेपर्यंत दादा जिन्याच्या तळाशी उभे होते. त्यांना हाक मारलेली नव्हती. त्यांनी हातावरची काचेची धूळ सदऱ्याला पुसली आणि म्हणाले, "आण तिला आत."

मी नेलं. कुणाला दुखलं की तिकडेच न्यायचं हे पायांना सवयीचं झालं होतं. दादांनी तिच्या पोटावर हात ठेवला. या वेळी बराच वेळ लागला. मुंगीचा चेहरा आधी आवळलेला होता, मग सैल पडला. तिने डोळे उघडले आणि हसली.

"गेलं, मोठे बाबा. सगळं गेलं. तुमच्या हाताला मीटर बसवा."

दादाही हसले. संध्याकाळभर ते हसत होते. स्वतःहून बाजारात जाऊन फळं घेऊन आले, वहिनींना म्हणाले, "तू बस, मी चिरतो." वहिनी बसल्या आणि त्यांनी माझ्याकडे बघितलं. त्यांना आज डोकं दुखवून घ्यावं लागलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मुंगीला ताप आला. दोन घास खाल्ले तेही उलटून पडले. पोटात मात्र काही नाही, दुखत नाही, काही नाही. मी तिला कोपऱ्यावरच्या डॉक्टरबाईंकडे नेलं. त्यांनी जीभ बघितली, ताप बघितला, पोट दाबलं.

"इथे दुखतंय?"

"नाही."

"इथे? सोडल्यावर?"

"नाही हो. अजिबात नाही."

बाईंनी पुन्हा एकदा उजवीकडे दाबून बघितलं. पोट जरा घट्ट लागतंय असं त्या पुटपुटल्या. मुंगी छताकडे बघत होती. त्यांनी तापाचं औषध दिलं, पाणी भरपूर पी म्हणाल्या. मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "साथ आहे सध्या तापाची. पण पोटात उजवीकडे दुखायला लागलं तर वाट बघू नका, लगेच घेऊन या."

मी मान हलवली. बाहेर पडलो, रस्ता ओलांडला, आणि समोरच्या फुटपाथवर आल्यावर ते वाक्य मला खऱ्या अर्थाने ऐकू आलं. दुखायला लागलं तर घेऊन या. दुखायला लागणार कसं?

तिथूनच मागे फिरून बाईंना सांगायला हवं होतं. पण काय सांगणार? आमच्या मोठ्या दिरांनी हात लावलाय, त्यामुळे दुखत असलं तरी हिला कळत नाही? मी मुंगीकडे बघितलं. ती म्हणाली, "चल ना आई, गार वाटतंय." आम्ही घरी आलो.

तिसऱ्या दिवशी सकाळी मी खाली दुकान झाडत होते. मुंगी पाणी प्यायला उठली असावी, म्हणून मी जिन्यातून वर बघितलं. ती ओट्यापासून पलंगाकडे चालली होती. वाकून. एक हात आपोआप उजव्या कुशीशी गेलेला, उजवा पाय अर्धा टेकत.

"अशी का चालतेयस?"

"कशी?"

"वाकून."

तिने स्वतःकडे बघितलं. सरळ व्हायला गेली आणि झाली नाही. "काय माहीत. सरळ होताच येत नाहीये," ती म्हणाली. "दुखत नाहीये पण." आणि पहिल्यांदाच तिच्या चेहऱ्यावर भीती दिसली.

मी धावत वर गेले. ती पलंगावर पडली तर गुडघा आपोआप पोटाशी आला. मी अंगाला हात लावला तर भाजत होतं. ओठ सुकलेले. अंग सगळं बोलत होतं, फक्त तिला ते ऐकू येत नव्हतं.

मी खाली गेले. दादा टेबलावर मोठी काच घेऊन बसले होते, काच कापायची हिऱ्याची कणी पट्टीला लावून. आमचे हे शेजारी लाकडाच्या पट्टीला करवत लावत होते.

"दादा, तिचं दुखणं तिला परत द्या," मी म्हणाले.

करवत थांबली. दादांनी मान वर केली नाही. "काय?"

"जे काढलंत ते परत द्या. डॉक्टरांना कळायला हवं कुठे दुखतंय ते."

"दुखतच नाहीये तर कळायचं काय त्यात?" ते शांतपणे म्हणाले. "ताप उतरेल आज. मी बघितलंय. मूळच गेलंय."

"मूळ गेलंय की नुसतं दुखणं गेलंय?"

"अग," हे मध्ये पडले, "दादांशी कसं बोलतेस?"

"मग तुम्ही बोला. वर जाऊन बघून या आणि मग तुम्ही बोला."

हे गेले नाहीत. करवतीच्या दातांवरून बोट फिरवत राहिले. लहानपणी यांचा पाय मोडला होता तेव्हा दादांनी यांना पाठीवर घेऊन शाळेत नेलं होतं. त्या पाठीवरून हा माणूस अजून उतरलेला नाही, आणि त्याबद्दल मला यांचा रागही धड येत नाही.

दादांनी कणी ओढली. काचेवर रेघ उमटते तेव्हा एक बारीक, सलग आवाज येतो. या वेळी तो मध्येच तुटला. त्यांनी काच टेबलाच्या कडेवर धरून दाबली आणि ती रेघेवर न तुटता आडवी गेली. इतक्या वर्षांत त्यांच्या हातून असं झालेलं मी पाहिलं नव्हतं.

"परत देता येत नाही," ते तुकड्यांकडे बघत म्हणाले. "मला तसं कधी... कुणी मागितलंच नाही." मग आवाज चढला. "आणि तू माझ्यावर संशय घेतेस? या घरात कुणाला किती बरं केलंय मी, मोजायला सांगू? चल वर. पुन्हा ठेवतो हात. ताप पण काढतो."

ते उठले. मी जिन्याच्या तोंडाशी जाऊन उभी राहिले. दुसरं काही सुचलं नाही. मी काही धिप्पाड बाई नाही, आणि दादांच्या वाटेत आजवर कधी उभी राहिलेली नव्हते. ते अगदी समोर आले. त्यांचा तळवा लाल झालेला दिसत होता, आणि खरं सांगते, इतक्या जवळून त्याची धग माझ्या दंडाला लागली.

"बाजूला हो."

"नाही, दादा."

त्यांनी मला ढकललं असतं असं मला वाटत नाही. पण ते कळायची वेळ आली नाही, कारण माझ्या मागून जिना वाजला. वहिनी मुंगीला धरून खाली उतरत होत्या. खांद्याला पिशवी, पिशवीतून टॉवेल डोकावत होता. कधी भरली त्यांनी कुणास ठाऊक.

"रिक्षा थांबवून ये," वहिनी मला म्हणाल्या. दादांना काही बोलल्या नाहीत. मुंगीला भिंतीच्या बाजूला ठेवून त्यांच्या अंगावरून पुढे गेल्या. मुंगी जाताना म्हणाली, "मोठे बाबा, येते." दादांचा हात थोडा पुढे झाला आणि तिथेच राहिला.

मोठ्या हॉस्पिटलमध्ये तरुण डॉक्टर होता. त्यानेही तेच विचारलं, कुठे दुखतंय.

"कुठेच दुखत नाही, हेच सांगायला आलेय मी," मी म्हणाले. "तुम्ही तिला दुखत असल्यासारखं तपासा."

त्याने माझ्याकडे जरा विचित्र नजरेने बघितलं. मी सगळं सांगितलं. हात, जिना, वाकून चालणं. लाज वाटत होती. शिकलेली बाई असते तर चार शब्द नीट रचून सांगितले असते. पण आपल्या पोरीच्या पोटापुढे ती लाज कुठल्या कुठे गेली. तो हसला नाही. हात-बित त्याने सोडून दिलं असावं, पण वाकून चालते म्हटल्यावर त्याने तिला उजव्या पायावर उडी मारायला सांगितली. तिला पाय उचलताच येईना. मग त्याने भराभर रक्त घ्यायला लावलं, पोटाची सोनोग्राफी करायला लावली, आणि कागद बघून आला तो थेट माझ्यासमोर उभा राहिला.

"अपेंडिक्स आहे. फुटायच्या बेतात. लगेच ऑपरेशन करावं लागेल." मग कपाळाला आठ्या घालून म्हणाला, "अशा अवस्थेत माणूस गडाबडा लोळतो हो. ही हसतेय."

हे आले ते धावतच. सहीसाठी पेन हातात धरलं आणि सही कुठे करायची ते यांना सापडेना, तेव्हा मी जागा दाखवली. मुंगीला आत नेलं. दार बंद झालं.

आम्ही तिघं बाहेर बाकावर बसलो. वहिनी बोटांनी टॉवेलचे दोरे ओढत होत्या. एकदाच म्हणाल्या, "माझं डोकं..." आणि एक दोरा तोडला.

"दुखतंय का?" मी विचारलं.

"कधीच दुखत नव्हतं," त्या म्हणाल्या. त्यावर हे वहिनींकडे बघत राहिले, आणि मग समोरच्या भिंतीकडे. यांनाही माहीत होतं. सगळ्यांनाच माहीत होतं.

दादा कधी आले ते कळलं नाही. बघितलं तर ते लांबच्या टोकाच्या खुर्चीवर बसले होते, दुकानातल्याच कपड्यांत, केसांत काचेची धूळ. आमच्याजवळ आले नाहीत. आम्हीही बोलावलं नाही.

ऑपरेशन झालं. डॉक्टर म्हणाला, वेळेत आलात. थोडा उशीर झाला असता तर, म्हणून पुढचं त्याने गिळलं. मुंगीला खोलीत आणलं तेव्हा दुपार कलायला लागली होती आणि खिडकीतून ऊन थेट तिच्या पायांवर येत होतं. मी पडदा ओढला. बराच वेळ ती नुसती झोपून होती. मग तिच्या कपाळावर आठी आली, ओठ हलले आणि एक बारीक कण्हणं ऐकू आलं.

"आई. दुखतंय."

मला रडूच फुटलं, आनंदाने. दुखतंय तर दुखू दे, कळतंय ना तिला, असं वाटलं. मी नर्सला बोलावलं. तिने इंजेक्शन दिलं आणि म्हणाली, अंमल चढायला थोडा वेळ लागेल.

तो थोडा वेळ कसा गेला ते आईलाच कळेल. आधी बारीक, मग मोठं. तिची बोटं चादर चुरगाळत होती. टाक्यांची जागा जळतेय म्हणाली. कूस बदलू दे म्हणाली, बदलता येईना. मी केसांतून हात फिरवत होते आणि माझ्या हाताने काही म्हणजे काही होत नव्हतं. साधा हात होता तो. हे आमच्याकडे पाठ करून खिडकीशी उभे होते.

मग मी उठले आणि दार उघडलं. सकाळी जिन्याच्या तोंडाशी उभी राहिलेली मीच. दादा दाराबाहेरच होते, भिंतीला टेकून. खुर्ची सोडून कधी इथे आले होते कुणास ठाऊक.

"दादा, आत या," मी म्हणाले. "आता तर ऑपरेशन झालंय. आता काही लपायचं राहिलं नाही. लावा हात."

ते आत आले. पलंगाच्या पायथ्याशी थांबले. वहिनी उठून उभ्या राहिल्या, म्हणजे जागा करून द्यायला की अडवायला, ते त्यांनाही ठरवता आलं नसावं. मुंगीने डोळे किलकिले केले. "मोठे बाबा," ती म्हणाली, "लवकर."

दादांचे दोन्ही हात अंगाला चिकटलेले होते. तळवा लाल होता. तेवढा लाल मी कधीच पाहिला नव्हता. ते पुढे झाले नाहीत.

"अहो," वहिनी हळूच म्हणाल्या. "पोर कण्हतेय."

"ऐकलं मी," दादा म्हणाले. "मी लांब बसलो होतो तिकडे. ती कण्हली आणि माझे पाय आपोआप इकडे आले." ते थांबले. "आईच्या वेळी ऐकवत नव्हतं मला. आज..."

हे खिडकीपासून वळले. "दादा, राहू दे."

"राहू कसं देऊ? तुम्ही सगळे इतकी वर्षं राहूच देताय." त्यांनी वहिनींकडे बघितलं, मग माझ्याकडे, आणि शेवटी मुंगीकडे, सरळ तिच्या डोळ्यांत. "तू कण्हलीस ना पोरी, आणि हात लावायला मिळणार म्हणून मला बरं वाटलं."